आज किती बांधायचे आणि पुढच्यासाठी काय राखून ठेवायचे? टप्प्याटप्प्याच्या गुंतवणुकीचा हिशेब

यंत्रशाळा (धागा सुरू करणारे)

चाकण औद्योगिक क्षेत्रातील भूखंडावर आमच्या कारखान्याची नवी शेड उभी करायची आहे. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणे आणि त्यांचे मशिनिंग करणे हा आमचा व्यवसाय. एका ग्राहकाने विद्युत वाहनांच्या मोटारीची आवरणे आमच्याकडून घेण्याची तयारी दाखवली आहे. मात्र त्यांनी दिलेला पाच वर्षांचा अंदाज म्हणजे करार नव्हे. दोन वर्षांत मागणी दुप्पट होईल किंवा आहे तिथेच रेंगाळेल, आणि यांपैकी काय होईल हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सल्लागाराच्या प्रकल्प अहवालात मागणीचा एकच, मधला आकडा धरला आहे. पूर्ण क्षमता एकदम उभारायची, २४ कोटी खर्च करायचे, आणि निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे आपण रोज ज्याला एनपीव्ही म्हणतो ते (पुढच्या मिळकतीचे आजचे मूल्य वजा खर्च), ९ कोटी येईल असे त्यांचे म्हणणे आहे. मला हे पटले नाही, म्हणून मी वटावाचा दर (पुढच्या पैशाचे आजचे मूल्य काढताना दर वर्षासाठी धरायची घट) १२ टक्के धरून स्वतः तीन पर्याय मांडून पाहिले. पुढील सर्व आकडे कोटी रुपयांत आणि आजच्या मूल्यात आहेत.

पहिला पर्याय एकदम सगळे बांधण्याचा. मागणी आली तर उत्पन्नाचे मूल्य ४४, न आल्यास १४. खर्च २४ वजा करता एकीकडे अधिक २० आणि दुसरीकडे उणे १०. दुसरा पर्याय निम्मी क्षमता आज बांधण्याचा, पण पाया, खांब आणि वीज यांत पुढच्या वाढीची सोय ठेवून. त्यासाठी १४ ऐवजी १५.५ खर्च येतो. मागणी आली तर दोन वर्षांनी १२ कोटींत उरलेले बांधायचे. त्या १२ कोटींचे आजचे मूल्य सुमारे ९.५७, सुरुवातीच्या दोन वर्षांत हुकलेले उत्पन्न सोडून मिळकतीचे मूल्य ४०, म्हणजे हातात १४.९ उरतात, मागणी न आल्यास ०.५. तिसरा पर्याय कसलीही सोय न ठेवता १४ कोटींत लहान शेड बांधण्याचा आणि गरज पडलीच तर तोडफोड करून, काही आठवडे उत्पादन थांबवून १७ कोटींत वाढवण्याचा. त्यात मागणी आल्यास सुमारे १०.४ आणि न आल्यास २ येतात.

दोन्ही शक्यता समसमान धरल्या तर सरासरी अनुक्रमे ५, ७.७ आणि ६.२ येते. दीड कोटीची सोय सरासरीत दीड कोटीची भर घालते, आणि तीही स्वतःचा खर्च भरून काढल्यानंतर. ही पद्धत बरोबर आहे का, आणि सोय नेमकी कशाकशाची ठेवावी, या दोन प्रश्नांवर जाणकारांचे मत हवे आहे. संचालकांची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

ताळेबंद

आकडेमोड तपासली, ती बरोबर आहे. पण बैठकीत तुमची अडचण आकडेमोडीवर होणार नाही, ‘पन्नास टक्के कशावरून?’ या प्रश्नावर होईल. म्हणून तो प्रश्न उलटा करा. मागणी येण्याची शक्यता किती असेल तर निर्णय बदलतो, ते काढा. तुमच्याच आकड्यांवरून दिसते की शक्यता २५ टक्क्यांपेक्षा कमी वाटत असेल तर सोय न ठेवता लहान शेड बांधणे बरे, आणि ६७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटत असेल तर एकदम पूर्ण बांधणे बरे. या दोन सीमांच्या मधल्या सगळ्या पट्ट्यात तुमचा दुसरा पर्याय सरस ठरतो. एक संचालक ४० टक्के म्हणाला आणि दुसरा ६० टक्के, तरी दोघांचा निर्णय एकच निघतो. वाद जिथे खरोखर निर्णय बदलतो तिथेच घालावा.

सल्लागाराचे ९ आणि तुमचे ५ यांतला फरकही संचालकांना समजावून सांगा, कारण ही चूक सर्रास होते. समजा क्षमता १०० नगांची आहे आणि मागणी ६० किंवा १४० होऊ शकते. सरासरी मागणी १०० असल्याने कागदावर कारखाना पूर्ण भरलेला दिसतो. प्रत्यक्षात मागणी ६० झाली तर ६० विकले जातील, १४० झाली तरी १०० च विकता येतील. सरासरी विक्री ८०. वाईट वर्षातले नुकसान पुरते सोसावे लागते, चांगल्या वर्षातला फायदा मात्र क्षमतेच्या छताला अडतो. डॅनिश गणिती येन्सेन यांनी १९०६ मध्ये सिद्ध केलेली असमानता हेच सांगते, आणि टप्प्याटप्प्याची रचना नेमके हे छत गरजेप्रमाणे उचलण्याची मुभा देते.

आणखी दोन गोष्टी. अनिश्चितता आहे म्हणून वटावाचा दर १२ वरून १८ टक्क्यांवर नेण्याचा आग्रह कोणी धरेल. तो मान्य करू नका. मागणी न येण्याची शक्यता तुम्ही आधीच स्वतंत्रपणे मांडलेली आहे, त्याच जोखमीसाठी दरही चढवला तर एकच दंड दोनदा भरल्यासारखे होते. आणि चढा दर पुढे ढकललेला प्रत्येक खर्च नुसत्या गणिताने स्वस्त करून दाखवतो, म्हणजे त्याने तुमचा आवडता पर्याय फुकटचा गोंडस दिसेल. दुसरे असे की तुमच्या आकाराच्या कंपनीसाठी मी सरासरीच्या आधी तो उणे १० चा आकडा पाहीन. मोठा उद्योगसमूह दहा प्रकल्पांत सरासरी गाठू शकतो. तुमच्याकडे हा एकच प्रकल्प आहे, त्यावर बँकेचे कर्ज आहे, आणि हप्ते सरासरीने भरता येत नाहीत.

तुळई

मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

दुसरा मजला पुढे चढवायचा असेल तर आपल्याकडे गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवतात, हे सर्वांनी पाहिले आहे. त्या सळयांकडे नीट पाहिले तर तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते. सळया वर ठेवायला फारसा खर्च येत नाही. खरा खर्च खाली, दिसत नाही तिथे असतो. फूटिंग (खांबाखालचा पाया) आणि खालचे कॉलम दोन मजल्यांच्या भाराचे केले असतील तरच वरच्या सळयांना अर्थ आहे. अनेक घरांत सळया ठेवलेल्या असतात आणि पाया एकाच मजल्याचा असतो. उघड्या सळया आठ-दहा पावसाळे गंजत राहतात, आणि घरमालक मात्र आपण सोय ठेवली आहे या समाधानात असतो. त्यांना सिमेंटचा घोल लावून कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवणे हे अगदी थोड्या खर्चाचे काम आहे, तेही क्वचितच कोणी करते.

शेडच्या बाबतीत मी प्रत्येक सोयीला एकच कसोटी लावतो: ही गोष्ट आज केली तर किती जास्त खर्च येतो, आणि पुढे चालू कारखान्यात करायची झाली तर किती? हे गुणोत्तर जिथे मोठे, तिथे सोय आजच घ्यावी. क्रेनचे खांब आणि त्यांचा पाया हे त्याचे ठळक उदाहरण. आज १० टनांची क्रेन बसवा, पण खांब, ब्रॅकेट आणि फूटिंग २० टनांचे करा. पोलाद आणि काँक्रीट थोडे वाढेल. नंतर मात्र चालत्या यंत्रांच्या मधोमध पाया खणावा लागेल, आणि त्याच्या खर्चापेक्षा बंद पडलेल्या उत्पादनाचे नुकसान मोठे असेल. मुरूम किंवा खडक चार-पाच फुटांवर लागत असेल तर पाया मोठा करणे आणखी स्वस्त पडते. काळी माती खोलवर असेल तर हिशेब वेगळा होईल, त्यामुळे मातीची चाचणी झाल्याशिवाय हा आकडा पक्का धरू नका.

दुसरी गोष्ट शेडच्या टोकाच्या भिंतीची. ज्या बाजूला वाढ होणार आहे तिथली शेवटची चौकट सहसा हलकी केली जाते, कारण तिच्यावर छताच्या अर्ध्याच गाळ्याचा भार येतो. तिथे आतल्या चौकटींसारखीच पूर्ण ताकदीची चौकट घ्या आणि बाहेरून फक्त पत्रे लावा. पुढे पत्रे काढून शेड सरळ लांबवता येते. पुरवठादाराला हे आधी सांगावे लागते. न सांगितल्यास तो हलकी चौकटच देईल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

जमिनीखालच्या केबल ट्रेंच, पावसाच्या पाण्याचे नाले आणि अग्निशमनाची मुख्य वाहिनी पूर्ण क्षमतेची करा. ट्रान्सफॉर्मर आज लहान घ्या, यार्डची जागा मात्र मोठ्याची ठेवा. महावितरणकडून काँट्रॅक्ट डिमांड (करारातली कमाल वीजमागणी) आजच्या गरजेपुरतीच घ्या, कारण वीज वापरली नाही तरी त्या मागणीच्या ठरावीक हिश्श्यावर डिमांड चार्ज भरावाच लागतो. सोय म्हणून मोठी मागणी घेऊन ठेवणे म्हणजे दर महिन्याला भाडे भरणे होय.

नको असलेली सोय कोणती, हेही सांगतो. पुढच्या यंत्रांचे पाये आज ओतून ठेवू नका. दोन वर्षांनी यंत्राचे मॉडेल बदलते, बोल्टांची जागा बदलते, आणि ते काँक्रीट फोडावे लागते. जागा, भार आणि मार्ग यांची सोय ठेवावी. विशिष्ट यंत्राची ठेवू नये.

शिकाऊ

आम्हाला वित्तशास्त्राच्या अभ्यासक्रमात ऑप्शनची (पुढे ठरलेल्या किमतीला व्यवहार करण्याचा, पण बंधन नसलेला हक्क) किंमत काढण्यासाठी १९७३ चे ब्लॅक-शोल्स सूत्र शिकवले होते. वाढीची सोय हा एक प्रकारचा ऑप्शनच असेल, तर तेच सूत्र इथे थेट का वापरू नये?

ताळेबंद

कल्पना तीच आहे. स्टुअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये ‘रिअल ऑप्शन’ हा शब्द वापरला तो याच साम्यामुळे. पण ते सूत्र असे गृहीत धरते की मूळ मालमत्ता बाजारात सतत विकली-घेतली जाते आणि तिचे चढउतार मोजता येतात. चाकणमधल्या अर्ध्या शेडचा रोजचा भाव कुठल्याही बाजारात लागत नाही. त्यामुळे चढउताराचा आकडा शेवटी मनानेच धरावा लागतो आणि उत्तर त्या एका आकड्यावर हेलकावे खाते. यंत्रशाळा यांनी केली तशी शक्यतांची फांदीवार मांडणी, किंवा फार तर एक्सेलमध्ये मागणीचे हजारभर यादृच्छिक मार्ग सोडून पाहणे, हे अभियंत्यांच्या बैठकीत अधिक उपयोगी पडते, कारण तिथे प्रत्येक आकड्याला प्रश्न विचारता येतो.

निवृत्त अभियंता

माझी नोकरी सार्वजनिक बांधकामात गेली, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो.

लिस्बनचा टेगस नदीवरील झुलता पूल १९६६ मध्ये वाहनांसाठी खुला झाला, तेव्हाच त्याच्या रचनेत खालून रेल्वे नेण्याचा विचार केलेला होता. ती रेल्वे १९९९ मध्ये सुरू झाली. न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल १९३१ मध्ये एका मजल्याने सुरू झाला आणि खालचा मजला १९६२ मध्ये जोडला गेला. दोन्ही ठिकाणी तीस-तेहतीस वर्षे सोय नुसती पडून होती. पहिल्या वीस वर्षांत कोणी लेखापरीक्षण केले असते तर तो खर्च वाया गेला असेच म्हटले असते.

आपल्या पुण्यात याच्या दोन्ही बाजू पाहायला मिळतात. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडले गेले, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो मार्गासाठी तिथे नवी एकत्रित रचना करायची होती. त्या पुलांनी वाहतूक वाहिली नाही असे मी म्हणत नाही. पण ज्या मार्गावर पुढे उन्नत मेट्रो येऊ शकते तिथे खांबांची जागा आणि उंची ठरवताना तो विचार झालेला नसला, तर चांगला पूलही पाडावा लागतो. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला मात्र खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी दुमजली रचना एकत्र झाली. तेथून जाताना मला दर वेळी विद्यापीठ चौक आठवतो.

कोयनेचे उदाहरण जरा वेगळे आहे. तो प्रकल्प अनेक टप्प्यांत वाढला, पण चौथ्या टप्प्यासाठी जलाशयातून नवे पाणी घ्यायचे तर शिवसागर रिकामा करणे शक्यच नव्हते. म्हणून खालून बोगदा नेऊन तळाशी राहिलेला खडकाचा शेवटचा थर १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगाने उडवला गेला. आपल्या अभियंत्यांनी ते काम अत्यंत कौशल्याने केले आणि त्याचा मला अभिमान आहे. त्याच वेळी हेही खरे की एकदा भरलेल्या धरणात नवे तोंड काढायला किती मोठी विद्या खर्च करावी लागते, हे त्यावरून दिसते. तुळई यांनी सांगितलेले आजच्या आणि पुढच्या खर्चाचे गुणोत्तर धरणात सर्वांत मोठे असते.

उलट टोकाला इरिडियमचे उदाहरण आहे. ६६ उपग्रहांचे पूर्ण जाळे आधी आकाशात सोडून नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तोपर्यंत जमिनीवरचे मोबाइल जाळे जगभर पसरले होते. उपग्रह उत्तम चालत होते, ग्राहक मात्र अपेक्षेच्या आसपासही आले नाहीत.

पहिली पाळी

वरचे सगळे पटते, पण मी कारखान्याच्या मजल्यावर तीस वर्षे काढली आहेत आणि राखून ठेवलेली सोय कशी नाहीशी होते ते पाहिले आहे.

आमच्या एका जुन्या कारखान्यात शेडच्या पूर्वेला वाढीसाठी वीस मीटरची पट्टी मोकळी ठेवली होती. पहिल्या वर्षी तिथे भंगार ठेवायला सुरुवात झाली. मग भंगाराला पत्र्याचे छप्पर आले. मग उपाहारगृह लहान पडते म्हणून ते तिथे गेले, कायमच्या भिंतींसह. सहा वर्षांनी वाढीची वेळ आली तेव्हा मूळ आराखडा करणारे अभियंते नोकरी सोडून गेले होते, टोकाची चौकट पूर्ण ताकदीची आहे हे कोणालाच माहीत नव्हते, आणि नव्या ठेकेदाराने ती हलकी समजून तिच्या शेजारी दुसरी चौकट उभी केली. एकाच सोयीसाठी आम्ही दोनदा पैसे मोजले. मी तेव्हा तिथेच होतो आणि मीही काही बोललो नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून यंत्रशाळा, माझी कळकळीची विनंती आहे की सोय कुठे आहे, कशासाठी आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही, हे नकाशावर ठळक लिहून कारखाना व्यवस्थापकाच्या खोलीत लावा. तसेच दुसरा टप्पा कधी सुरू करायचा याची खूण आजच लिहून ठेवा. खूण ठरलेली नसली तर मागणी आल्यावर प्रत्येक जण ‘अजून एक तिमाही पाहू’ म्हणतो आणि ग्राहक दुसरीकडे जातो.

यंत्रशाळा

खुणेबद्दल आम्ही असे ठरवले होते की क्षमतेचा वापर सलग तीन महिने ९० टक्क्यांच्या वर राहिला की दुसरा टप्पा सुरू करायचा. हे योग्य वाटते का?

पहिली पाळी

उशीर होईल. यंत्रे मागवल्यापासून यायला किती महिने लागतात आणि बसवून चाचणी व्हायला किती, ते सांगा.

यंत्रशाळा

ओतकामाची यंत्रे यायला दहा महिने, बसवणे आणि चाचणी यांना तीन. एकूण तेरा. मागणी आली तर वापर दरमहा साधारण दोन टक्क्यांनी वाढेल असा अंदाज आहे.

पहिली पाळी

मग तेरा महिन्यांत वापर २६ टक्क्यांनी वाढेल. १०० ला पोचताना नवी यंत्रे तयार हवी असतील तर ऑर्डर ७४ टक्क्यांवर द्यावी लागते. ९० वर थांबलात, त्यात तीन महिने वाट पाहिलीत, तर जवळजवळ एक वर्ष तुम्ही ग्राहकाला नाही म्हणत बसाल.

ताळेबंद

यातून माझ्याही लक्षात न आलेली एक गोष्ट पुढे येते. दोन वर्षांनी वाढीव क्षमता तयार हवी आणि त्याला तेरा महिने लागतात, म्हणजे निर्णय अकराव्या महिन्यात घ्यायचा आहे. खर्चही दोन वर्षांच्या आधीच सुरू होतो. तो सरासरीने दीड वर्षाच्या ठिकाणी धरला तर मागणी आल्यास मिळणारे १४.९ घटून १४.४ होतात आणि वरची सीमा ६७ वरून ६५ टक्क्यांवर येते. हा बदल किरकोळ आहे. खरा प्रश्न असा की अकराव्या महिन्यात तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त काही माहीत असेल का? तोवर मागणीबद्दल नवे काही कळणारच नसेल, तर वाट पाहण्याचे मोल उरत नाही आणि टप्पे पाडून हाती फक्त उशीर लागतो.

यंत्रशाळा

या प्रश्नाने मला दोन दिवस अस्वस्थ केले. अखेर ग्राहकाच्या खरेदी विभागाशी बोललो. त्यांच्या नव्या गाडीची चाचणी आठव्या-नवव्या महिन्यात संपेल, आणि मागणी वाढणार असेल तर त्यांना डायचा (ओतकामाच्या साच्याचा) दुसरा संच बनवून घ्यावाच लागेल. त्या डायचे पैसे ते स्वतः भरतात. अंदाजपत्रकातला आकडा कोणीही फुगवू शकतो, पण डायसाठी आगाऊ रक्कम भरणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून आमची खूण आता अशी आहे: डायच्या दुसऱ्या संचाची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम आली की, वापर ७० टक्के असला तरी, यंत्रांची ऑर्डर द्यायची, आणि ती आली नाही तर वापर ९० टक्के झाला तरी आधी संचालकांपुढे चर्चा करायची.

बैठक काल झाली. दुसरा पर्याय मंजूर झाला. क्रेनचे खांब, टोकाची पूर्ण चौकट, ट्रेंच, नाले आणि ट्रान्सफॉर्मरची जागा घेतली. यंत्रांचे पाये आणि वाढीव काँट्रॅक्ट डिमांड वगळली, त्यामुळे सोयीचा खर्च दीड कोटीवरून सुमारे एक कोटी दहा लाखांवर आला. आमच्याकडे वाढीसाठी राखलेली पूर्वेकडची पट्टी नकाशावर लाल रंगाने दाखवली आहे आणि उपाहारगृहाची जागा आजच पश्चिमेला निश्चित केली आहे.

तुळई, मातीच्या चाचणीचा अहवाल सोमवारी येतो. तीन ठिकाणी भोके घेतली आहेत, त्यांतले एक मुद्दाम दुसऱ्या टप्प्याच्या जागेत घेतले. आकडे इथे टाकतो, पायाचा अंदाज एकदा पाहून सांगाल का?

तुळई

जरूर. सोबत प्लिंथची (जोत्याची) पातळीही द्या. दोन्ही टप्प्यांची फरशी एकाच पातळीत यायची असेल तर भूखंडाचा उतार दुसऱ्या टप्प्याच्या टोकापर्यंत मोजलेला हवा, नाही तर पत्रे काढल्यावर मध्ये पायरी येते आणि फोर्कलिफ्ट तिथेच अडते.